नौदलाने वजन कमी म्हणून नाकारलेल्या बाईने कॉम्प्युटरला माणसांची भाषा शिकवली

गाळप हंगाम सुरू झाला की शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरचा रस्ता उसाच्या गाड्यांनी भरून जातो. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथलाच. कारखाना कुठलाही असो, गाडी आधी वजनकाट्यावर चढते. आकडे झरझर पळतात, थांबतात. ऊस खाली करून गाडी परत येते, पुन्हा वजन होतं. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उसाचं वजन निघतं आणि त्यावर शेतकऱ्याचं बिल ठरतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या डबीत हे गणित करायला नखाएवढी चिप असते. तिला म्हणतात मायक्रोकंट्रोलर. गंमत अशी की या चिपला ना मराठी कळते ना इंग्रजी. प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर ज्या सी भाषेत लिहितो, ती सुद्धा तिला कळत नाही. तिला कळतात फक्त शे-दीडशे ठरलेल्या आज्ञा. हे उचल, तिकडे ठेव, यातून ते वजा कर, शून्य आलं तर उडी मार.

मग इंजिनिअरने लिहिलेलं चिपला समजतं कसं?

मध्ये एक दुभाषी असतो. त्याचं नाव कंपायलर. आज हा दुभाषी सगळे गृहीत धरतात. पण एक काळ असा होता की असं काही होऊ शकतं यावर कॉम्प्युटरवाल्यांचाच विश्वास नव्हता. त्यांच्या मागे लागून ही कल्पना गळी उतरवणाऱ्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर.

सात घड्याळं उघडून बसलेली पोरगी

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना या पोरीने गजराचं घड्याळ आतून चालतं कसं हे बघायला ते उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. घरातली सात घड्याळं उघडून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. मार पडला नाही, फक्त इथून पुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे असा तह झाला.

१९२८ मध्ये त्यांनी व्हॅसार कॉलेजमधून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. त्या काळात गणितात पीएचडी केलेल्या बायका कमीच होत्या. पुढे त्या व्हॅसारमध्येच प्राध्यापक झाल्या. लग्न झालेलं, नोकरी पक्की. सगळं सुरळीत होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं.

वय जास्त, वजन कमी

ग्रेस यांचे पणजोबा अमेरिकन नौदलात ॲडमिरल होते. त्यामुळे आपणही नौदलातच जायचं असं त्यांनी ठरवलं. पण वय पस्तिशीच्या घरात, वजन जेमतेम ४८ किलो. नियमापेक्षा जवळपास सात किलो कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी शिकवत राहावं असं सरकारचं म्हणणं होतं. नकार आला.

ग्रेस मागे हटल्या नाहीत. वजनाच्या अटीतून सूट मिळवली, कॉलेजमधून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. ट्रेनिंगमध्ये पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये पोस्टिंग मिळालं ते मात्र जहाजावर नाही, हार्वर्ड विद्यापीठात. तिथे हॉवर्ड एकेन यांनी आयबीएमकडून बनवून घेतलेलं एक अवाढव्य यंत्र होतं, मार्क वन.

५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन साधारण पाच टन. एवढा पसारा करून वेग किती? सेकंदाला तीन बेरजा. गुणाकाराला सहा सेकंद. आजच्या वीस रुपयांच्या खेळण्यातली चिपही याच्या कितीतरी पुढे आहे. पण तेव्हा तोफांच्या माऱ्याचे तक्ते, जहाजांची गणितं, अगदी अणुबॉम्बशी निगडित एक गणितसुद्धा याच यंत्रावर झालं.

या यंत्राला काम सांगायचं म्हणजे कागदी पट्टीवर भोकं पाडायची. एका ओळीत २४ जागा. कुठे भोक, कुठे नाही, यावरून यंत्राला कळायचं की कुठला आकडा घ्यायचा, कुठे न्यायचा आणि त्याचं काय करायचं. एक भोक चुकलं की अख्खं गणित चुकलं. ग्रेस यांनी हे यंत्र आतून-बाहेरून शिकून घेतलं आणि त्याचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल लिहिलं.

हार्वर्डच्याच पुढच्या मार्क टू यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ ला एका रिलेमध्ये पतंग सापडला. लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला. ‘बग’ हा शब्द इथूनच आला असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं नाही. इंजिनिअर लोक तो शब्द एडिसनच्या काळापासून वापरत होते. पतंग ग्रेस यांनी स्वतः पकडलाही नव्हता. पण त्यांनी हा किस्सा इतक्या वेळा रंगवून सांगितला की तो त्यांच्याच नावावर जमा झाला.

वही बघून कॉपी करण्याचा वैताग

युद्ध संपलं आणि ग्रेस यांची घडी विस्कटली. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नौदलात कायम व्हायचं होतं, तिथे वय आडवं आलं. हार्वर्डमध्येही कायमची जागा मिळाली नाही. या काळात त्यांचं दारू पिणं हाताबाहेर गेलं होतं आणि सावरायला मित्रांना मध्ये पडावं लागलं.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत लागल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती आणि तो धंद्यासाठी विकायचा होता. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीने तिला विकत घेतलं.

इथे ग्रेस यांना एक गोष्ट खटकायला लागली.

प्रत्येक यंत्राच्या आज्ञांचा संच वेगळा. इंजिनिअर लोक त्याला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. मार्क वनचा वेगळा, बायनॅक नावाच्या यंत्राचा वेगळा, युनिव्हॅकचा वेगळा. बायनॅक तर दहाच्या ऐवजी आठच्या पटीत मोजायचं. त्याची सवय ग्रेस यांना इतकी लागली की त्यांच्या स्वतःच्या बँक खात्याचा हिशोब जुळेना. नंतर उलगडा झाला की त्या घरखर्चसुद्धा आठच्या पटीत मांडत होत्या.

दुसरी गोष्ट, तीच तीच गणितं पुन्हा पुन्हा लागायची. वर्गमूळ, साईन, कोसाईन. एकदा कुणी बरोबर लिहिलं की ते वहीत उतरवून ठेवायचे आणि पुढच्या वेळी वहीतून कॉपी करायचे. अशा तयार तुकड्याला सबरूटीन म्हणतात.

पण घोळ कॉपी करण्यातच होता. समजा वहीतलं वर्गमूळ असं लिहिलंय की ते मेमरीच्या शून्य नंबरच्या खान्यापासून सुरू होतं. तुमच्या प्रोग्राममध्ये मात्र ते ३०० नंबरपासून बसणार आहे. म्हणजे त्यात जिथे जिथे खान्याचा नंबर आहे तिथे तिथे ३०० मिळवायचे, तेही हाताने. ग्रेस यांच्या लक्षात आलं की माणसं कॉपी करण्यात कच्ची असतात आणि बेरजेत त्याहून कच्ची.

आणि समोर यंत्र कुठलं उभं आहे? कॉपी आणि बेरीज न चुकता करणारं!

ए-झिरो : कॉम्प्युटर लिहितो कॉम्प्युटरचा प्रोग्राम

१९५१ संपता संपता ग्रेस यांनी कामाला सुरुवात केली. प्रत्येक सबरूटीनला एक नंबर दिला आणि सगळी सबरूटीन मॅग्नेटिक टेपवर साठवली. आता प्रोग्रामरने फक्त कुठला तुकडा कुठल्या क्रमाने हवा एवढं सांगायचं. टेपवरून तुकडे शोधणं, एकामागे एक लावणं, खान्यांचे नंबर बदलणं हे सगळं युनिव्हॅकने करायचं. तुकडे गोळा करून संकलन करणारा म्हणून नाव दिलं कंपायलर. या पहिल्या कंपायलरला ए-झिरो म्हणतात. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत ग्रेस यांनी ही कल्पना मांडली.

आजच्या व्याख्येने ए-झिरो पूर्ण कंपायलर नव्हता. आज ज्याला लिंकर आणि लोडर म्हणतात, त्या कामाच्या तो जास्त जवळ होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ॲलिक ग्लेनी यांनीही असाच एक प्रयत्न केला होता. म्हणजे कंपायलर एकट्या ग्रेस यांनी शोधला असं म्हणणं घाईचं होईल. पण ही गोष्ट धंद्यात चालेल, सामान्य माणसाच्या हातात जाईल, हे त्यांच्याइतकं लावून धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

विरोध तर ठरलेलाच होता. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा लिहील? असा पहिला आक्षेप. हाताने लिहिलेला प्रोग्राम जलद पळतो, यंत्राने बनवलेला सुस्त असतो, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य होतं. युनिव्हॅकची मेमरी अवघ्या १००० शब्दांची, त्यात एकेक आज्ञा वाचवणं हीच प्रोग्रामरची कला होती. आणि ती कला अवगत असलेल्या मूठभर लोकांना आपली जागा सोडायची नव्हती.

कॉम्प्युटर वापरायला यंत्राची भाषा यायलाच हवी, की यंत्राने माणसाच्या दिशेने यायचं? ग्रेस यांचं उत्तर ठरलेलं होतं. कारखान्याचा हिशोबनीस, गोदामाचा मॅनेजर, पगार काढणारा कारकून यांनी इन्स्ट्रक्शन सेट का पाठ करायचे?

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन

पुढची मागणी आणखी धाडसी होती. आज्ञा चिन्हांमध्ये कशाला, सरळ इंग्रजी शब्दांतच लिहू द्या. हिशोबाच्या लोकांना एक्स-वाय नको असतात, त्यांना किंमत, नग, शिल्लक हेच शब्द कळतात.

साहेब लोकांना पटावं म्हणून ग्रेस यांच्या टीमने एक छोटा नमुना करून दाखवला. मग तोच प्रोग्राम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. त्यांच्या दृष्टीने मुद्दा सोपा होता, यंत्राला शब्द म्हणजे नुसती अक्षरांची रांग. एका रांगेच्या जागी दुसरी ठेवली, विषय संपला. पण साहेब लोक हादरले. अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच कसं कळेल, हेच त्यांच्या पचनी पडेना.

तरीही काम पुढे सरकलं आणि फ्लो-मॅटिक ही इंग्रजी शब्दांत चालणारी भाषा तयार झाली. १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या टीमने फोरट्रान आणली आणि कंपायलरने बनवलेला प्रोग्रामही वेगात पळू शकतो हे दाखवून दिलं. जलद-सुस्तच्या वादातली हवा निघाली.

१९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने कंपन्या आणि सरकारी खाती एकत्र बसली आणि कोबोल भाषेचं काम सुरू झालं. ग्रेस त्यात सल्लागार होत्या. कोबोल काही त्यांनी एकट्यांनी लिहिली नाही, पण तिचा पाया बऱ्याच अंशी फ्लो-मॅटिकचा होता.

मग डिसेंबर १९६० मध्ये कोबोलचा एकच प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. एक आरसीए ५०१, दुसरं युनिव्हॅक टू. दोघांचे इन्स्ट्रक्शन सेट वेगळे, बनवणारे एकमेकांचे स्पर्धक. प्रोग्राम मात्र तोच, जवळपास काहीही न बदलता. यंत्रायंत्रातला फरक माणसाच्या डोक्यावरून उतरून कंपायलरच्या डोक्यावर गेला होता.

मग वजनकाट्यातल्या चिपचं काय?

तिथेही नेमकं हेच घडतं. काट्याच्या प्रोग्राममध्ये सी भाषेत एक ओळ असते : निव्वळ वजन बरोबर भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. समजा भरलेली गाडी २४,५६० किलो आहे.

आठ बिटांच्या चिपला एका वेळी २५५ पर्यंतचाच आकडा हाताळता येतो. म्हणून कंपायलर मोठ्या आकड्याचे दोन तुकडे करतो. आधी खालचे तुकडे वजा करतो, मग हातचा लक्षात ठेवून वरचे. शाळेतल्या हातच्याच्या वजाबाकीसारखंच.

डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांना ८०५१ आठवत असेल. इंटेलची १९८० ची ही चिप. तिच्यात वजाबाकी करायची तर आकडा आधी ॲक्युम्युलेटर नावाच्या एका ठरलेल्या जागेत आणावा लागतो. अर्डुइनो उनोच्या बोर्डवरच्या एटीमेगा ३२८ मध्ये अशा ३२ जागा आहेत आणि वजाबाकी त्यातल्या कुठल्याही दोघांत करता येते. ३२ बिटांच्या एआरएम चिपमध्ये तर हे सगळं एकाच आज्ञेत उरकतं. सी भाषेतली ओळ तिन्हीकडे एकच, पण कंपायलरला तिन्ही चिप पाठ असाव्या लागतात.

आता भागाकार घ्या. ८०५१ ला छोट्या आकड्यांचा भागाकार करायची आज्ञा आहे. एटीमेगा ३२८ ला ती आज्ञाच नाही. तरी अर्डुइनोवर भागाकार होतो. कसा? कंपायलरसोबत सबरूटीनची लायब्ररी येते. भागाकार दिसला की त्यातला तयार तुकडा उचलून तुमच्या प्रोग्रामला जोडला जातो आणि खान्यांचे नंबर बदलले जातात. ग्रेस यांनी १९५२ मध्ये टेपवरून जे करून दाखवलं, अगदी तेच.

पुढे तर गाडी उलट्या दिशेनेही धावली. एव्हीआर या घराण्याच्या चिप नॉर्वेच्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघाल्या आणि १९९० च्या दशकात बाजारात आल्या. एटीमेगा ३२८ याच घराण्यातली. इन्स्ट्रक्शन सेट पक्का करण्याआधी स्वीडनच्या आयएआर या कंपायलर बनवणाऱ्या कंपनीला विचारलं गेलं आणि त्यांच्या सूचनांनुसार आज्ञा बदलल्या गेल्या. या चिपमध्ये ठरावीक आकडा मिळवण्याची साधी आठ बिटांची आज्ञा नाही, वजा करण्याची आहे. मग ५ मिळवायचे असतील तर कंपायलर उणे ५ वजा करतो. माणसाला हे विचित्र वाटेल, कंपायलरला काही फरक पडत नाही. वाचलेली जागा दुसऱ्या कामाच्या आज्ञेला मिळते.

एकेकाळी हार्डवेअरवाल्यांनी खिजगणतीत न धरलेल्या कंपायलरला आता चिप बनवण्याआधी विचारावं लागत होतं.

मोठा बैल की जास्त बैल?

१९६६ च्या शेवटी नौदलाने ग्रेस यांना निवृत्त केलं. सात-आठ महिन्यांत परत बोलावलं, काम सहा महिन्यांचं सांगितलं आणि त्या १९ वर्षं राहिल्या. काम काय होतं? नौदलात प्रत्येक कंपनीच्या यंत्राची कोबोल थोडी थोडी वेगळी झाली होती. ती एकसारखी करायची आणि विकायला येणारा कंपायलर नियमाप्रमाणे चालतो का हे तपासायच्या परीक्षा बनवायच्या.

१९६९ मध्ये एका व्यावसायिक संघटनेने त्यांना पुरस्कार दिला. पुरस्काराचं नाव होतं मॅन ऑफ द इयर!

भाषणांना त्या तारेचे तुकडे घेऊन जायच्या. प्रत्येक तुकडा साधारण ३० सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त इतकीच लांब जाऊ शकते, असं त्या समजावून सांगायच्या. शेजारी जवळपास हजार फूट तारेचं वेटोळं ठेवायच्या, ते मायक्रोसेकंदाचं. वेळ वाया घालवणाऱ्या प्रोग्रामरने हे गळ्यात अडकवावं अशी त्यांची चेष्टा असायची.

त्यांचं आणखी एक उदाहरण आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल. ओंडका एका बैलाला ओढवत नसेल तर कुणी त्याहून मोठा बैल तयार करायला बसत नाही, दुसरा बैल जोडतात. तसंच एकच राक्षसी कॉम्प्युटर बनवण्यापेक्षा छोटे छोटे पुष्कळ कॉम्प्युटर जोडा, हा त्यांचा आग्रह होता. आज वॉशिंग मशीनपासून वजनकाट्यापर्यंत सगळीकडे छोट्या चिप आहेत.

१४ ऑगस्ट १९८६ ला, ७९ व्या वर्षी, ग्रेस रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. कार्यक्रम बोस्टनला, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर झाला. त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. नंतर नौदलाने एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं आणि २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

आपल्याकडे याचं काय?

आयआयटी मुंबईने २०१९ मध्ये अजित नावाचा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर जगासमोर आणला. हार्डवेअर नवं, पण आज्ञांचा संच मात्र स्पार्क हा आधीपासून प्रचलित असलेला निवडला. कारण चिप कितीही चांगली असली तरी तिची भाषा जाणणारा कंपायलर नसेल तर तिच्यासाठी प्रोग्राम लिहिणार कोण? प्रचलित संच घेतला की तयार कंपायलर हाताशी असतो.

हे सगळं बघायचं असेल तर कुणाकडून तरी अर्डुइनो उनो मागून घ्या. एलईडी उघडझाप करायचा साधा प्रोग्राम कंपाइल करा. खाली तो किती बाइट झाला ते दिसतं. आता त्यात बाहेरून येणाऱ्या दोन दशांश आकड्यांचा भागाकार करणारी ओळ घाला, उत्तर कुठेतरी वापरा आणि पुन्हा कंपाइल करा. तुम्ही एक-दोनच ओळी वाढवल्या, पण बाइट त्या मानाने भसकन वाढलेले दिसतील. चिपला न येणारा भागाकार कंपायलरने लायब्ररीतून आणून जोडला, त्याचं हे वजन आहे.